कल्हई आणि सौरफलक

पितळेच्या पातेल्यांत आमटी शिजविण्याचा प्रघात आपल्या घरांतून आतां बहुतेक उठला आहे. तथापि वडील मंडळींस अद्याप आठवत असेल कीं, सणासुदीच्या आधीं कल्हईवाला दारांत येई, अंगणांत खड्डा खणून भाता लावी, आणि घरांतील यच्चयावत् भांडीं त्याच्यापुढें जाऊन पडत. भांडें तापवून त्यांत तो नवसागराची चिमूट टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे. मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानें तो एक हात फिरवी, आणि काळवंडलेलें पातेलें आंतून रुप्यासारखें लखलखूं लागे. मुलें हा सोहळा टक लावून पाहत. आजीबाईंचें लक्ष मात्र त्या चकाकीकडे नसे. भांडें उजेडाकडे धरून त्या कड, सांधा आणि बूड एवढेंच तपाशीत. कल्हई मध्यभागीं सहसा चुकत नाहीं. ती चुकते कडेला आणि सांध्याला, आणि तेवढ्याशा उघड्या राहिलेल्या जागेपायीं सगळी कढी कळकते, हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें.

आज आम्ही वाचकांपुढें जो विषय ठेवीत आहों तो वरवर पाहतां या कल्हईपासून फार दूरचा आहे. गच्चीवर सौरफलक, म्हणजे ज्यांस बाजारांत सोलर पॅनेल म्हणतात ते, बसवावे कीं न बसवावे ही चर्चा हल्लीं पुष्कळ घरीं चालते. २०२४ सालच्या फेब्रुवारींत मध्यवर्ती सरकारनें ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर केल्यापासून तर ती अधिकच चालूं लागली. अशा चर्चेंत घरांतील एखादा कॉलेजांत जाणारा पुतण्या मध्येंच म्हणतो, “काका, इतक्यांत घाई करूं नका. पेरोव्स्काइट नांवाच्या पदार्थाचे नवे फलक निघताहेत. ते पातळ आहेत, स्वस्त पडतील, आणि वीजहि जास्त देतील.” काका हिशेबी गृहस्थ. ते एवढेंच विचारतात, “टिकतील किती वर्षें?” पुतण्यास उत्तर देतां येत नाहीं, आणि विषय तेथेंच राहतो. आमच्या मतें काकांचा प्रश्न आणि आजीबाईंची तपासणी हीं एकाच गोष्टीचीं दोन रूपें आहेत. ती गोष्ट कोणती, हें घरांतील सर्वांस समजावें म्हणून हा लेखनप्रपंच.

नांव आणि कूळ

१८३९ सालीं उरल पर्वतांत सांपडलेल्या एका खनिजाची परीक्षा गुस्ताव्ह रोझे या जर्मन शास्त्रज्ञानें केली, आणि त्यास पेरोव्स्की या रशियन सरदाराचें नांव दिलें. योगायोग असा कीं, त्याच सालीं फ्रान्समध्यें एदमों बेकरेल या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणास प्रकाशापासून प्रत्यक्ष विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो असें आढळून आलें. या दोन शोधांची एकमेकांशीं गांठ पडावयास मात्र पुढें १७० वर्षें जावीं लागलीं.

उरल पर्वतांतील तें मूळ खनिज गच्चीवर ठेवून वीज मिळत नाहीं. त्याच्या अणूंची जी विशिष्ट मांडणी आहे, तशी मांडणी असलेल्या सर्वच पदार्थांस पुढें पेरोव्स्काइट म्हणूं लागले. ती मांडणी समजण्यास कठीण नाहीं. एक चौरस खोली मनांत आणावी. तिच्या आठ कोपऱ्यांत एका जातीचे कण. चार भिंती, छत आणि जमीन यांच्या मधोमध दुसऱ्या जातीचे. आणि खोलीच्या ऐन मध्यभागीं तिसऱ्या जातीचा एक कण. जुन्या वाड्यांत जशा खोलीला खोली लागून असत आणि मधली भिंत दोघींची एकच असे, तशा या खोल्या वर, खालीं आणि चोहोंबाजूंस अगणित मांडल्या म्हणजे पेरोव्स्काइटाचा स्फटिक तयार झाला. विजेच्या कामीं येणाऱ्या पेरोव्स्काइटांत मध्यभागीं शिसें असतें, भिंतींवर आयोडीन असतें, आणि कोपऱ्यांत मेथिलअमोनियम नांवाचा एक लहानसा कणसमूह असतो. कल्हईवाल्याच्या नवसागरांत जो अमोनियम आहे, त्याचाच हा भाऊबंद होय.

२००९ सालीं जपानांतील योकोहामाच्या तोइन विद्यापीठांत त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे सहकारी आकिहिरो कोजिमा यांनीं या पदार्थापासून पहिली सौरपेशी केली. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ३.८ एवढ्याच शक्तीची ती वीज करी. शिवाय तींत एक द्रव वापरलेला होता आणि त्या द्रवांतच तो पदार्थ विरघळून जाई; त्यामुळें पेशीचें आयुष्य कांहीं मिनिटांचें असे. २०१२ सालीं दक्षिण कोरियांत नाम-ग्यू पार्क यांनीं आणि ऑक्सफर्ड येथें हेन्री स्नेथ यांनीं द्रव काढून टाकून घन पदार्थांचीच पेशी सिद्ध केली, आणि हा आंकडा शेंकडा १० च्या आसपास नेला. त्यानंतर बारा वर्षांच्या आंतच प्रयोगशाळांतील आंकडा २६ च्या वर गेला. तुलनेसाठीं सांगावयाचें तर, आज गच्चीवर दिसणाऱ्या सिलिकॉनच्या पेशीचा आरंभ अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं शेंकडा सुमारें ६ पासून झाला, आणि तिला २५ पर्यंत पोंचावयास सुमारें ४५ वर्षें लागलीं.

एवढी घोडदौड कशामुळें झाली? आणि एवढी घोडदौड होऊनहि हे फलक घरोघर अद्याप कां दिसत नाहींत? या दोन्हीं प्रश्नांचें उत्तर एकाच शब्दांत आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘दोष’.

खळगा आणि आड

प्रकाशाचा कण सौरपेशींत शिरला म्हणजे तो एका इलेक्ट्रॉनास त्याच्या ठिकाणाहून उठवितो. इलेक्ट्रॉन उठला कीं मागें त्याची रिकामी जागा उरते. तिला शास्त्रांत विवर म्हणतात. इलेक्ट्रॉनानें पेशीच्या एका बाजूस आणि विवरानें दुसऱ्या बाजूस सुखरूप पोंचावें, म्हणजे तारेंतून वीज वाहूं लागते. वाटेंतच दोघांची गांठ पडून इलेक्ट्रॉन पुन्हां विवरांत बसला, तर प्रकाशानें दिलेली शक्ति बहुधा नुसत्या उष्णतेच्या रूपानें वायां जाते. ही अवेळीं होणारी भेट घडवून आणणारे मुख्य मध्यस्थ म्हणजे स्फटिकांतील दोष होत. हें गणित शॉक्ली, रीड आणि हॉल यांनीं १९५२ सालींच मांडून ठेविलें आहे.

दोष तीन तऱ्हांचे असतात. कोठें एखादा अणु जागेवरून नाहींसा झालेला असतो. कोठें एखादा आगंतुक दोन अणूंच्या मध्यें घुसून बसलेला असतो. तर कोठें एकाच्या जागीं दुसराच बसलेला असतो, जसें आयोडीनच्या पाटावर शिसें. पंगतींत एखादें पान रिकामें राहावें, एखादा पाहुणा दोन पाटांच्या मध्यें बसावा, किंवा पाटांची अदलाबदल व्हावी, तसाच हा प्रकार आहे.

परंतु सर्व दोष सारखेच घातक नसतात. अंधारांत चालणाऱ्या माणसाचा पाय रस्त्यावरच्या खळग्यांत पडला, तर तो ठेंचकाळतो आणि सावरून पुढें जातो. तोच जर आडांत पडला, तर वर येण्याची आशा नाहीं. इलेक्ट्रॉनाचेंहि तसेंच आहे. उथळ दोषांत तो क्षणभर अडकतो आणि पेशीच्या उष्णतेच्या धक्क्यानें पुन्हां वर येतो. खोल दोषांत पडलेला इलेक्ट्रॉन विवराची वाट पाहत तेथेंच खिळून राहतो.

सिलिकॉनच्या कारखान्यांत हे आड बुजविण्यासाठींच सारा खटाटोप असतो. १,४१४ अंश सेंटिग्रेडला वितळणारें तें द्रव्य पराकाष्ठेचें शुद्ध करून, सावकाश थंड करून, त्याचा शक्य तितका निर्दोष स्फटिक वाढवावा लागतो. उलट पेरोव्स्काइटाचा थर प्रयोगशाळेंत कसा करतात तें पाहावें. क्षारांचें द्रावण कांचेच्या पट्टीवर टाकून ती गरगर फिरवितात, आणि मग सुमारें १०० अंशांवर, म्हणजे चहाचें आधण उकळतें तितक्याच तापमानावर, थोडा वेळ तापवितात. झाला थर! त्याची जाडी एका मिलिमीटराच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास भरते. सिलिकॉनची चकती याच्या शेंकडों पट जाड असते. इतक्या घाईनें आणि इतक्या थोड्या उष्णतेवर केलेल्या पदार्थांत दोष नसतील तरच नवल. अशा थरांत दोष फारच मोठ्या संख्येनें सांपडतात. एवढे दोष सिलिकॉनमध्यें निघते, तर त्या चकत्या भंगारांत टाकाव्या लागल्या असत्या.

तरीहि पेरोव्स्काइट उत्तम काम देतें, हेंच मोठें कोडें होतें. २०१४ सालीं अमेरिकेंतील टोलीडो विद्यापीठांतील संशोधकांनीं गणितानें त्याचा उलगडा केला. या पदार्थांत जे दोष सहजासहजीं उत्पन्न होतात ते बहुतेक उथळ असतात. जे खोल असतात ते उत्पन्न होण्यास फार शक्ति लागते, म्हणून ते विरळा होतात. थोडक्यांत, या रस्त्यावर खळगे पुष्कळ आहेत, आड थोडे आहेत. या गुणास ‘दोषसहिष्णुता’ म्हणतां येईल. पेरोव्स्काइटाची घोडदौड झाली ती या गुणामुळें.

कडेचें दुखणें

मात्र ही सहिष्णुता मुख्यतः स्फटिकाच्या आंतल्या भागापुरती आहे. पेरोव्स्काइटाचा थर म्हणजे एकसंध स्फटिक नव्हे; रव्याच्या वडींत जसे कण एकमेकांस चिकटलेले असतात, तसे त्यांत असंख्य बारीक स्फटिककण असतात. प्रत्येक कणाच्या कडेला, आणि सबंध थराच्या पृष्ठभागावर, वाड्याच्या खोल्या एकाएकीं संपतात. भिंत अर्धवट राहते. मधल्या शिशास सहाहि बाजूंनीं आयोडीनचा शेजार हवा असतो. कडेच्या शिशास तो पुरा मिळत नाहीं. त्यांतच थर तापवितांना वरच्या भागांतील मेथिलअमोनियम आणि आयोडीन कांहीं अंशीं उडून जातात, त्यामुळें पृष्ठभागावर असें उघडें पडलेलें शिसें अधिकच जमतें. घातक दोष आढळतात ते मुख्यतः या ठिकाणीं. आजीबाईंनीं पातेल्याची कड कां तपासली, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

या कडेच्या दोषांचें आणखी एक दुखणें आहे, आणि तें पहिल्याहून वाईट आहे. ज्या ठिकाणचें आयोडीन गळालें असेल, त्या रिकाम्या जागेंत शेजारचें आयोडीन सरकतें. मग त्याच्या जागेंत त्याच्या पलीकडचें. अशा रीतीनें प्रकाश आणि उष्णता यांच्या जोरावर आयोडीन थरभर हिंडूं लागतें. हवेंतील ओलावा शिरतो तोहि याच कडांच्या वाटेनें. पदार्थ हळूहळू मोडतो. त्यांतील शिसें व आयोडीन यांचें पिवळें संयुग मागें उरतें, आणि आरंभीं काळाभोर दिसणारा थर पिवळा पडत जातो. म्हणजे दोषामुळें आज वीज कमी मिळते एवढेंच नव्हे, तर उद्यां फलकच शिल्लक राहत नाहीं. काकांचा प्रश्न येथें येऊन भिडतो.

चहाच्या पेल्यांतील औषध

या दुखण्यावरील उपायास शास्त्रज्ञ पॅसिव्हेशन म्हणतात. आपण त्यास ‘दोषशमन’ म्हणूं. दोष काढून टाकावयाचा नाहीं, कारण तो पुरता निघत नाहीं. ज्या ठिकाणीं तो उघडा पडला आहे तेथें त्याची भूक भागवून त्यास शांत बसवावयाचें, असा या उपायाचा अर्थ आहे.

ही कल्पना नवी नाहीं. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेंतील मोहम्मद अटाला यांनीं सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडाचा पातळ थर वाढवून त्याचा पृष्ठभाग शांत करतां येतो हें दाखविलें, आणि आजच्या यच्चयावत् संगणकविद्येचा पाया त्यामुळें घातला गेला. गच्चीवरील सिलिकॉनच्या चांगल्या फलकांतहि पुढून आणि मागून असा शमन करणारा थर असतोच. पेरोव्स्काइटाच्या बाबतींत मात्र असें ऑक्साइड आपोआप वाढत नाहीं. तेथें प्रत्येक दोषास जुळेल असा रेणु निवडून आणून बसवावा लागतो.

२०१४ सालीं ऑक्सफर्ड येथें स्नेथ यांच्या गटानें थरावर पिरिडिन व थायोफिन या द्रव्यांची प्रक्रिया करून पाहिली. या रेणूंपाशीं इलेक्ट्रॉनांची एक जोडी देण्यासारखी असते, आणि कडेच्या शिशास नेमकी तिचीच उणीव असते. देणारा व घेणारा एकत्र येतांच पेशीचा आंकडा शेंकडा १३ वरून थायोफिननें १५.३ वर आणि पिरिडिननें १६.५ वर गेला. २०१८ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं थरांत पोटॅशियम मिसळून भटकणाऱ्या आयोडीनास कणांच्या कडेलाच अडकवून ठेविलें. २०१९ सालीं बीजिंगमधील संशोधकांनीं फेनेथिलअमोनियम आयोडाइड या क्षाराचा हात पृष्ठभागावर फिरविला आणि प्रमाणित आंकडा २३.३२ वर नेला. हा क्षारहि अमोनियमाच्याच कुळांतील आहे. आमच्या कल्हईवाल्याची चिमूट आणि बीजिंगच्या प्रयोगशाळेंतील बाटली यांचें असें लांबचें नातें लागतें.

परंतु या सर्व प्रयोगांत आम्हांस अधिक मौजेचा वाटतो तो कॅलिफोर्नियांतील लॉस अँजेलिसच्या विद्यापीठाचा. तेथें प्राध्यापक यांग यांग यांच्या हाताखालीं काम करणारे तरुण संशोधक एके सकाळीं कॉफी पीत बसले असतां त्यांच्यांत थट्टा निघाली, कीं आपणांस कॉफीनें तरतरी येते, तर मग आपल्या पेशींस कां येऊं नये? थट्टेवारी नेलेली गोष्ट त्यांनीं खरोखरच करून पाहिली, आणि कॅफीन मिसळलेला थर उष्णतेंत अधिक तग धरतो असें २०१९ सालीं प्रसिद्ध केलें. मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहींत. कॅफीनचीं दोन भावंडें आहेत: एक चहाच्या पानांत सांपडणारें थिओफिलिन, दुसरें कोकोच्या बियांत सांपडणारें थिओब्रोमिन. तिघांच्या अंगलटींत फरक इतका थोडा, कीं शेवटच्या दोघांत तर अणूंची संख्याहि एकच आहे. केवळ एका फांदीची जागा निराळी. तिघांचीहि परीक्षा झाली आणि तिघांचा निकाल निराळा लागला.

त्याचें कारण असें. या रेणूंस शिशास धरण्यासाठीं एक हात असतो, तो ऑक्सिजनचा. थिओफिलिनमध्यें त्या हातापासून बेताच्या अंतरावर दुसरा एक हात आहे, नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनचा. तो शेजारच्या आयोडीनास धरतो. अशा रीतीनें दोन्हीं हातांनीं दोष घट्ट कवटाळला जातो. कॅफीनमध्यें हा दुसरा हातच नाहीं. थिओब्रोमिनमध्यें तो आहे, पण पहिल्याच्या इतका जवळ आहे कीं दोघांसहि आपापली जागा नीट गांठतां येत नाहीं. चहांतील रेणूनें पेशीचा स्थिर आंकडा शेंकडा २२.६ वर नेला. कोकोंतील रेणु त्या जागीं बसूं शकला नाहीं. येथें कल्हईचा दृष्टान्त अपुरा पडतो हें कबूल केलें पाहिजे. कल्हई सरसकट सर्वांगावर चढते; दोषशमनांत कुलपाला किल्लीच पाहिजे, आणि किल्लीचा एक दांता इकडचा तिकडे होऊन चालत नाहीं.

काकांचा प्रश्न

हें सर्व वाचून पुतण्या म्हणेल, “मग आतां अडचण कोठें आहे?” अडचण अशी, कीं कल्हई उडते.

कल्हई उडाली तर पुढच्या सणाला कल्हईवाला पुन्हां येई. गच्चीवर कांचेच्या दोन तावदानांमध्यें बंद केलेल्या थरास पुन्हां कोणी कल्हई करूं शकत नाहीं. ती एकदांच करावयाची, आणि ती पंचवीस वर्षें टिकावयाची. सिलिकॉनच्या फलकांस कारखानदार साधारणपणें पंचवीस वर्षांची हमी देतात. पंचवीस वर्षें म्हणजे २,१९,००० तास. नव्या फलकाची जी प्रमाणभूत कसोटी मानली जाते, तींत तो ८५ अंश उष्णतेंत आणि शेंकडा ८५ दमटपणांत १,००० तास, म्हणजे सुमारें ४२ दिवस, ठेवून पाहतात. ही कसोटी कडक आहे यांत शंका नाहीं. परंतु ती दमट उष्णतेचे बेचाळीस दिवस आहेत, पंचवीस पावसाळे नव्हेत.

उन्हाळ्यांत गच्चीवरील फलक सहज ६० अंशांपलीकडे तापतो. दोष शांत करणारा रेणु त्या उष्णतेंत स्वतःच जागा सोडतो, किंवा पृष्ठभागावरून खालच्या स्फटिकांत झिरपून तेथील मांडणी बिघडवितो. विशेषतः अमोनियमाच्या कुळांतील कांहीं क्षारांस ही खोड आहे. बरें, सुरक्षिततेसाठीं थर जाड करावा, तर हे रेणु बहुतेक विजेस अडविणारे असल्यामुळें प्रवाहच मंदावतो. थोडें लावलें तर उघडें राहतें, जास्त लावलें तर वाट बंद होते. शिवाय विक्रमाचे जे आंकडे वर्तमानपत्रांत छापून येतात ते बहुधा नखाएवढ्या पेशीचे असतात. गच्चीवरचा फलक सुमारें दोन चौरस मीटरांचा, म्हणजे वीस हजार चौरस सेंटिमीटरांचा. नखाएवढ्या जागेवर रेणूंचा थर सारखा बसविणें निराळें, आणि दाराएवढ्या पत्र्यावर, हजारों नगांत, रोज तसाच बसविणें निराळें. पातेलें जितकें मोठें, तितकी त्याची कड लांब.

शिशाची गोष्ट

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कथील महाग आणि शिसें स्वस्त, म्हणून लबाड कल्हईवाले कथलांत शिसें मिसळीत, आणि जाणत्या गृहिणी त्याविषयीं फार सावध असत. पेरोव्स्काइटांत शिसें लबाडीनें आलेलें नाहीं. तें त्याच्या मध्यभागींच आहे. थर इतका पातळ असतो कीं एका चौरस मीटरांत शिसें एक ग्रॅमच्याहि आंत भरतें. परंतु या रूपांतील शिसें पाण्यांत विरघळूं शकतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. गारपिटीनें कांच फुटली तर पागोळीच्या पाण्याचा विचार करावा लागेल. २०२० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं फलकाच्या दोन्हीं बाजूंस शिसें शोषून घेणारा थर देऊन, फुटलेल्या पेशींतून गळणाऱ्या शिशापैकीं शेंकडा ९६ हून अधिक अडवून दाखविलें. ही वाट आशेची आहे.

मग शिशाऐवजीं कथीलच कां वापरूं नये? तसे प्रयत्न चालू आहेत. पण कथील हवेंतील ऑक्सिजनशीं चटकन संयोग पावून आपला गुणधर्म बदलतें, त्यामुळें दोष वाढतात आणि आंकडा शिशाच्या पेशींहून बराच खालीं राहतो. जें कथील स्वयंपाकघरांत राखणदार होतें, त्यालाच येथें राखणदाराची गरज पडावी, ही सृष्टीची गंमत आहे.

तर मग काय करावें?

या विद्येचें भवितव्य अंधारांत आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. शास्त्रज्ञांनीं आतां एक शहाणपणाची वाट धरली आहे: सिलिकॉनला हांकलून न देतां त्याच्याच डोक्यावर पेरोव्स्काइटाचा थर बसवावयाचा. वरचा थर निळा आणि हिरवा प्रकाश घेतो, खालचें सिलिकॉन तांबडा आणि त्यापलीकडचा घेतें. थोरल्यानें धाकट्यास अंगाखांद्यावर घ्यावें तशी ही जोडी काम करते. एकट्या पेशीस शेंकडा सुमारें ३३ ची जी मर्यादा शॉक्ली व क्वाइसर यांनीं १९६१ सालीं घालून दिली, ती या जोडीनें चीनमधील लोंगी कंपनीच्या प्रयोगशाळेंत २०२३ सालीं ओलांडली. तो आंकडा ३३.९ होता. २०२४ सालच्या सप्टेंबरांत ऑक्सफर्डच्या संशोधनांतून निघालेल्या एका कंपनीनें असे जोडफलक अमेरिकेंतील एका गिऱ्हाइकाकडे विक्रीसाठीं रवाना केले. आपल्याकडेहि मुंबईंत पवईच्या आय.आय.टी.मध्यें २०१० सालीं सौरविद्युत् संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र निघालें, आणि तेथें प्राध्यापक दिनेश काबरा यांच्या गटानें अशा जोडपेशींत शेंकडा २६ पर्यंत मजल मारली. कोकणच्या दमट हवेंत आणि विदर्भाच्या उन्हांत फलक कसा टिकतो, हें शेवटीं आपल्याच लोकांनीं तपासावयाचें आहे. त्या दृष्टीनें हें काम येथें चालणें अगत्याचें आहे.

आतां काका आणि पुतण्या यांच्या वादाचा निकाल. आमचें मत विचाराल तर, ज्यांस आज गच्चीवर फलक बसवावयाचे आहेत त्यांनीं सिलिकॉनचे खुशाल बसवावे. नव्यासाठीं खोळंबून राहण्याचें कारण नाहीं. सत्तर वर्षांच्या मेहनतीनें त्यांचे दोष शांत झालेले आहेत आणि त्यांच्या टिकाऊपणाची परीक्षा प्रत्यक्ष उन्हापावसानें घेतलेली आहे. पुढेंमागें पेरोव्स्काइटाचे फलक घेऊन विक्रेता दारांत आला, तर त्याला शेंकडा किती वीज मिळते हें शेवटीं विचारावें. आधीं तीन प्रश्न विचारावे. उघड्या गच्चीवर हा फलक किती वर्षें ठेवून पाहिला आहे? त्याच्या कडा कशानें बंद केल्या आहेत? आणि तो फुटला किंवा निकामी झाला, तर शिशासह परत कोण घेऊन जाईल? या तिहींचीं उत्तरें लेखी मिळालीं, तर पुतण्याच्या म्हणण्यास मान देण्यास काकांनीं कुरकुर करूं नये.

पुतण्यासहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. त्याचा उत्साह अनाठायीं नाहीं. निर्दोष पदार्थ हातीं येईल तेव्हांच काम सुरू करूं, असें हे संशोधक म्हणाले नाहींत; सदोष पदार्थ घेऊन, त्याचें दुखणें नेमकें कोठें आहे तें शोधून, तेवढी जागा झांकण्याची विद्या त्यांनीं उभी केली. ती विद्या अद्याप पुरी झालेली नाहीं, आणि ती पुरी करण्यास रसायनशास्त्र शिकलेलीं मुलेंमुली हवीं आहेत. कांहीं दिवसांनीं एखादी नात प्रयोगशाळेंत असा फलक उजेडाकडे धरून त्याच्या कडा न्याहाळीत उभी राहील, तेव्हां आपण हें कोणाकडून शिकलों, तें तिला कदाचित् ठाऊकहि नसेल. माळ्यावर उपडें पडलेलें तें जुनें पातेलें मोडींत काढण्यापूर्वीं तिला एकदां दाखवून ठेवावें, एवढीच आमची सूचना आहे.